मुखचित्राचें मोल कोणीं ठरवावें?

चित्राची परीक्षा चित्र पाहून करावी, कीं तें पाहून किती लोक दुकानांत शिरले हें मोजून करावी, असा प्रश्न कोणी विचारला तर सुशिक्षित मनुष्य प्रथम हसेल. परंतु संगणकावर खेळावयाच्या खेळांच्या, म्हणजे ज्यांस सर्वत्र व्हिडिओ गेम म्हणतात त्यांच्या, व्यापारांत हा प्रश्न हसण्यावारीं नेण्यासारखा राहिलेला नाहीं. तेथें त्याचें उत्तर ठरून गेलें आहे, आणि तें मोजणाऱ्यांच्या बाजूचें आहे. खेळाच्या मुखचित्राचें काम एकच, पाहणाऱ्याचें बोट त्यावर पडावें. ज्यावर अधिक बोटें पडलीं तें चित्र चांगलें, ज्यावर थोडीं पडलीं तें वाईट. बाकी सारी चर्चा रिकामटेकड्यांची, असें या पक्षाचें मत आहे. तें कानांत कुजबुजलें जात नाहीं. नव्या खेळकर्त्यांस उपदेश करणारे पुष्कळ जाणकार तें उघडपणें सांगतात, आणि ज्यानें आयुष्याचीं चार-पांच वर्षें एका खेळावर खर्चिलीं आहेत तो बिचारा तें वेदवाक्य म्हणून स्वीकारतो. हें मत अपुरें आहे, इतकेंच नव्हे, तर कलावंत व ग्राहक या दोघांसहि घातक आहे, असें आमचें म्हणणें आहे. आणि तेंच येथें सविस्तर मांडावयाचें आहे.

ज्या वाचकांच्या घरीं मुलें हे खेळ खेळतात, पण ज्यांस स्वतः त्या बाजारांत जाण्याचा प्रसंग आलेला नाहीं, त्यांच्याकरितां बाजाराची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. संगणकावरील खेळांचें सर्वांत मोठें दुकान म्हणजे स्टीम. अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें तें २००३ सालीं उघडलें. आरंभीं तेथें तिचा स्वतःचाच माल होता. २००५ पासून इतरांचे खेळ येऊं लागले. आणि २०१७ च्या जूनपासून दर खेळामागें १०० डॉलर भरून कोणाहि कर्त्यास आपला खेळ तेथें मांडतां येतो. पूर्वीं मोठ्या प्रकाशकाच्या आश्रयावांचून ज्यांस दार उघडत नसे अशा एकट्यादुकट्या कर्त्यांस, ज्यांस 'इंडी' म्हणजे स्वतंत्र असें म्हणतात त्यांस, ही मोठीच मोकळीक झाली. परंतु दार सर्वांस उघडलें कीं अंगणांत गर्दी होणारच. २०२४ या एका वर्षांत त्या दुकानांत अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. या गर्दींत प्रत्येक खेळ गिऱ्हाइकास प्रथम भेटतो तो एका लहान चौकटींतील चित्राच्या रूपानें. हेंच त्याचें मुखचित्र. तें निरनिराळ्या मापांचें करावें लागतें, आणि कांहीं याद्यांत आकसून १२० बिंदु रुंद व ४५ बिंदु उंच एवढेंच उरतें. टपालाचें तिकीट त्याच्याशेजारीं लहान वाटूं नये. त्यावर टिचकी मारली तर खेळाचें वर्णन, चलच्चित्रें, किंमत हें सर्व उघडतें. न मारली तर नजर पुढच्या चित्राकडे जाते.

प्रतिपक्षाची बाजू प्रथम न्यायानें मांडूं. तो म्हणतो: इतक्या गर्दींत गिऱ्हाइकाची नजर एका चित्रावर क्षणापेक्षां अधिक ठरत नाहीं. त्या क्षणांत खेळ कोणत्या जातीचा आहे, लढाईचा, कोड्यांचा, शेतीवाडीचा कीं भयाचा, हें कळलेंच पाहिजे; नांव वाचतां आलेंच पाहिजे; आणि पुढें पाहण्याची इच्छा उपजलीच पाहिजे. चित्र किती वेळां दाखविलें गेलें आणि त्यावरून किती लोक आंत आले, याचे आंकडे दुकानदार कर्त्यास देतो. तेव्हां आज एक चित्र लावावें, उद्यां दुसरें लावावें, आणि आंकडा ज्याच्या बाजूनें बोलेल तें ठेवावें; याहून शास्त्रशुद्ध रीति कोणती?

यांतील पहिल्या दोन गोष्टी आम्हांस सर्वथा मान्य आहेत. जात ओळखूं येणें हा गुणच आहे. १९३५ सालीं इंग्लंडांत पेंग्विन ग्रंथमाला निघाली तेव्हां तिच्या मुखपृष्ठांवर कथेचें चित्र नव्हतेंच. नारिंगी पट्टे म्हणजे कादंबरी, हिरवे म्हणजे गुन्ह्याची कथा, निळे म्हणजे चरित्र, एवढीच खूण. सहा पेन्स टाकून पुस्तक घेणाऱ्यास ती पुरे होई, आणि कोणाची फसवणूक होत नसे. नांव वाचतां येणें ही तर साध्या सौजन्याचीच गोष्ट आहे. भांडण आहे तें तिसऱ्या मुद्द्यावर: इच्छा कशाची उपजवावयाची, आणि ती फळली कीं नाहीं हें कोणत्या मापानें मोजावयाचें?

टिचकी हें माप दारापाशींच संपतें. मांडवांत किती पाहुणे आले यावरून पंगत कशी झाली हें कोणी ठरवीत नाहीं. स्टीमच्याच नियमानें विकत घेतलेला खेळ, १४ दिवसांच्या आंत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, परत करतां येतो. म्हणजे येणें आणि राहणें या दोन भिन्न क्रिया आहेत हें दुकानदारास स्वतःस पक्कें ठाऊक आहे. आतां असें समजा कीं, संथ कोड्यांच्या एखाद्या खेळावर कोणी ज्वाळा, तलवार आणि रागानें विस्फारलेला चेहरा रंगविला. टिचक्या वाढतील. ज्यांस लढाई हवी होती ते येतील, अर्ध्या तासांत कंटाळतील, पैसे परत मागतील, आणि जातांना 'खेळ टाकाऊ आहे' असा शेरा लिहून जातील. ज्यांस कोडीं हवीं होतीं ते तो चेहरा पाहूनच पुढें गेलेले असतील. चित्रानें नको ते पाहुणे बोलाविले आणि हवे ते परत पाठविले. तरीहि टिचक्यांच्या वहींत तें चित्र पहिल्या वर्गांत उत्तीर्ण! ज्या परीक्षेंत असला विद्यार्थी पहिला येतो, त्या परीक्षेची प्रश्नपत्रिकाच तपासली पाहिजे, हें आम्हां शिक्षकांस कोणीं सांगावयास नको. कोणी म्हणेल, टिचक्यांबरोबर खरेदीचेहि आंकडे पाहावे. अवश्य पाहावे. परंतु खरेदी ही देखील खेळ सुरू होण्यापूर्वींचीच गोष्ट आहे. वचन दिलें गेलें एवढेंच ती सांगते, पाळलें गेलें कीं नाहीं हें सांगत नाहीं.

या मताचा तिटकारा येऊन कांहीं लोक अगदीं दुसऱ्या टोकास जातात. त्यांच्या मतें खेळांतील एखादें दृश्य जसेंच्या तसें उचलून लावावें. त्याहून एक रेषा अधिक काढणें ही लबाडी. हाहि भ्रमच आहे. १९८० सालीं अटारीच्या यंत्रावर 'ॲडव्हेंचर' नांवाचा खेळ आला. त्यांतील वीर पुरुष म्हणजे पडद्यावर सरकणारा एक चौकोन. ड्रॅगन म्हणावेत तर ते बदकासारखे दिसतात, अशी थट्टा आजवर होत आली आहे. पेटीवरील रंगीत चित्रांत मात्र ड्रॅगन हे ड्रॅगनच होते. ही फसवणूक काय? मुळींच नव्हे. त्या काळच्या यंत्राची झेप तेवढीच होती, आणि खेळणारें मूल त्या चौकोनाच्या जागीं वीर व त्या बदकाच्या जागीं ड्रॅगन कल्पीत होतें. कल्पनेस लागणारी शिदोरी पेटीवरच्या चित्रानें पुरविली. कीर्तनकार उपरण्याचा पदर डोक्यावरून घेतो आणि श्रोत्यांपुढें द्रौपदी उभी राहते. तेथें कोणी लबाडीची तक्रार करीत नाहीं. अलीकडचें उदाहरण हवें असेल तर २०१८ सालचा 'सेलेस्ट' घ्या. हा खेळ जुन्या पद्धतीच्या ठसठशीत ठिपक्यांनीं चितारलेला आहे. मुखचित्र मात्र कुंचल्यानें रंगविल्यासारखें आहे, त्यांत लाल केसांची मुलगी आणि पर्वत. खेळांत ती मुलगी तो पर्वत चढते, पडते, पुनः चढते, आणि चढतां चढतां स्वतःच्या मनांतील भीतीशीं झगडते. ठिपका आणि कुंचला यांत साम्य नसलें तरी वचन आणि पूर्ति यांत आहे, आणि प्रामाणिकपणास तेवढें पुरे.

मग खोटें मुखचित्र कोणतें? १९८७ सालीं कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'मेगा मॅन' हा खेळ अमेरिकेंत विक्रीस गेला, तेव्हां त्याच्या पेटीवर निळ्या-पिवळ्या पोशाखांतला, हातांत पिस्तूल धरून अवघडून उभा राहिलेला एक प्रौढ इसम दाखविला होता. खेळाचा नायक म्हणजे मुलासारखा दिसणारा यंत्रमानव; त्याच्या हातांत पिस्तूल नाहीं, त्याचा हातच तोफ आहे. खेळ आंतून चांगला होता म्हणून तरला. मुखचित्र मात्र वाईट मुखचित्रांचा दाखला म्हणून आजतागायत दिलें जातें. पुढें खुद्द कॅपकॉमनेंच २०१२ सालच्या एका झुंजीच्या खेळांत त्या प्रौढ इसमास पात्र म्हणून उभें करून स्वतःची थट्टा करून घेतली! याच्या उलट २००१ सालचा 'ईको' पाहा. त्याचे दिग्दर्शक फुमितो उएदा यांनीं इटालियन चित्रकार ज्योर्ज्यो दे किरिको याच्या चित्रांपासून स्फूर्ति घेऊन मुखचित्र स्वतः रंगविलें: विराट वास्तु, लांबलांब सावल्या, आणि त्यांच्यामध्यें दोन चिमुकल्या आकृति. जपानांत व युरोपांत हेंच चित्र पेटीवर गेलें. अमेरिकेंत मात्र तें बाजूस ठेवून नायकाचा चेहरा मोठा करून पुढें आणलेलें दुसरेंच चित्र लावण्यांत आलें. ज्यानें तो खेळ खेळला आहे त्यास ठाऊक आहे कीं, ओसाड किल्ल्यांत एका मुलीचा हात धरून वाट काढणारा मुलगा, त्याचें लहानपण आणि त्या जागेचें अफाटपण, हेंच खेळाचें सर्वस्व आहे. उएदांच्या चित्रांत तें सर्वस्व आहे. अमेरिकन चित्रांत एक मुलगा आहे.

या दोन उदाहरणांवरून आमची कसोटी वाचकांच्या ध्यानांत आली असेल. मुखचित्राकडे मनुष्य दोन वेळां पाहतो: एकदां खेळ सुरू करण्यापूर्वीं, आणि एकदां तो संपल्यावर. टिचकीवाले पहिल्या नजरेवर सर्व मोल ठरवितात. आमचें म्हणणें, अखेरचा निवाडा दुसऱ्या नजरेचा असावा. खेळ संपवून मनुष्य परत येतो आणि त्याच चित्राकडे पाहतो तेव्हां त्यास तें पूर्वींपेक्षां अधिक अर्थपूर्ण वाटलें, 'हें असें होतें तर!' असें त्याच्या मनांत आलें, तर चित्र खरें. तें पूर्वींइतकेंच पोकळ वाटलें, तर चित्र निरुपयोगी. आणि त्याचा राग आला, तर चित्र खोटें. याच्या जोडीस एक घरगुती कसोटीहि सांगतों. मुखचित्रावरचें नांव बोटानें झांकावें आणि तें चित्र त्याच जातीच्या दुसऱ्या दहा खेळांवर चिकटवून चालेल काय, हें पाहावें. चालत असेल तर तो त्या खेळाचा चेहरा नव्हे, भाड्यानें आणलेला मुखवटा आहे.

यावर पक्का व्यवहारी मनुष्य विचारील कीं, ईकोचें चित्र पेटीवर शोभलें, पण १२० बिंदूंच्या चौकटींत त्या दोन आकृति मुंगीएवढ्या तरी दिसतील काय? प्रश्न रास्त आहे. लहान जागेचा कायदा वेगळा असतो. सुनीतांत महाकाव्य मावत नाहीं. परंतु त्या कायद्यानें काटकसर सांगितली आहे, एकसारखेपणा सांगितलेला नाहीं. २०१५ सालचा 'अंडरटेल' हा खेळ टोबी फॉक्स या तरुणानें, चित्रकामांत थोड्यांचें साहाय्य घेऊन, बहुतांशीं एकट्यानें केला. त्यासाठीं २०१३ सालीं लोकवर्गणी जमविली होती. त्याचें मुखचित्र काय? काळी पाटी, पांढरीं ओबडधोबड अक्षरें, आणि त्यांत एक लहानसें तांबडें हृदय. याहून स्वस्त चित्र काढणें कठीण, आणि याहून लहान चौकटींत मावणारेंहि दुसरें मिळणार नाहीं. आंत गेल्यावर कळतें कीं, तें तांबडें हृदय म्हणजेच लढाईच्या वेळीं खेळणाऱ्याच्या हातीं दिलेला त्याचा जीव आहे; आणि समोरच्यास न मारतां दया दाखवून पुढें जातां येतें कीं नाहीं, हा साऱ्या खेळाचा प्रश्न आहे. खेळ संपल्यावर त्या हृदयाकडे पाहणारा मनुष्य पूर्वींचा राहिलेला नसतो. जागा लहान होती, पैसा थोडा होता. वचन मात्र अचूक होतें.

आतां आमच्या कसोटीस सर्वांत अवघड जाणारें उदाहरण आम्हीच पुढें ठेवतों. २०१७ सालीं 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' नांवाचा खेळ निघाला, आणि तोहि फुकट. मुखचित्रावर जपानी चित्रकथांच्या शैलींतल्या, शाळेच्या गणवेशांतल्या गोजिरवाण्या मुली. नांव पाहावें तर वाङ्मयमंडळाचें. आंत मात्र कांहीं वेळानें जें सुरू होतें तें प्रौढ मनुष्यासहि झोंबणारें मानसिक भय आहे. हें चित्र खरें कीं खोटें? आमच्या मतें पहिल्या नजरेस तें चकवतें, परंतु चकवणें हाच त्या कृतीचा विषय आहे; आणि मुलांनीं व मनास सहज लावून घेणाऱ्यांनीं हा खेळ खेळूं नये, असा इशारा कर्त्यांनीं आरंभींच दिलेला आहे. शेवटपर्यंत जाऊन आलेल्यानें तें चित्र पुनः पाहिलें तर त्याच हसऱ्या चेहऱ्यांनीं अंगावर कांटा येतो. चित्रांतील एक रेषा बदललेली नसते. बदललेला असतो पाहणारा. तथापि पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चित्र गोंडस आहे म्हणून खेळ लहानांचा आहे, असें समजून तो दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं चित्राशेजारचा मजकूर वाचणें हें घरांतील वडील माणसांचें काम आहे. आणि ज्या कर्त्यानें गोंडस चित्र लावून इशारा मात्र दिला नाहीं, त्याच्या टिचक्या कितीहि असोत, तो दोषी आहे. हा दोष टिचक्यांच्या मापानें कधींच दिसणार नाहीं, हेंच आमच्या भांडणाचें कारण.

मुखपृष्ठाचा हा वाद मराठी वाचकास परका वाटूं नये. आपल्या दिवाळी अंकांवर वर्षानुवर्षें दिवा हातीं घेतलेली सुंदर स्त्री शोभत आली. मग आंत गंभीर प्रबंध असो वा विनोदी कथा. दीनानाथ दलालांसारख्याचा हात लागला म्हणजे तें मुखपृष्ठ स्वतंत्र कलाकृति होई. त्यावर फसवणुकीचा आरोप करणें अरसिकपणाचें होईल. कारण दिवाळी अंक ही अनेक लेखकांची मोट असते, आणि तिचें मुखपृष्ठ म्हणजे सणाचें तोरण. तोरणावरून घरांतलीं माणसें ओळखण्याची अपेक्षा कोणी करीत नाहीं. परंतु कादंबरी किंवा खेळ ही एकसंध कृति. तिला तोरण पुरत नाहीं, चेहरा लागतो. रघुवीर मुळगावकरांनीं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसाठीं काढलेलीं मुखपृष्ठें भडक होतीं असें कोणी म्हणेल. पण कथाहि तशाच धांवत्या व थरारक होत्या, आणि वाचकास जें दाखविलें तेंच मिळालें. भडकपणा हा स्वतः दोष नव्हे. दोष आहे तो अस्थानीं भडकपणाचा.

आणि हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेलाहि आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें केलेला 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ २०२० सालीं जगाच्या बाजारांत गेला. २०१७ सालीं त्यासाठीं मागितलेली लोकवर्गणी पुरी जमली नव्हती, तरी काम थांबलें नाहीं. राजी ही मुलगी, राक्षसांनीं पळविलेला तिचा भाऊ गोलू, आणि तिला बळ देणारी दुर्गा, असें त्याचें कथानक आहे. चित्रणावर राजस्थानी वास्तूंचा व पहाडी लघुचित्रांचा संस्कार आहे, आणि कथेचे कांहीं भाग छायाबाहुल्यांच्या रूपानें सांगितले आहेत. असा खेळ टिचकीशास्त्राच्या हातीं दिला तर तें काय सांगेल? परक्या गिऱ्हाइकास त्रिशूळ कळत नाहीं, तलवार द्या; छायाबाहुली कळत नाहीं, ज्वाळा द्या; मुलगी फार लहान दिसते, तिला योद्धा करा. असें एकेक ओळखीचें चिन्ह घालीत गेलें म्हणजे खेळ पुण्याचा उरत नाहीं आणि पॅरिसचाहि होत नाहीं. ज्या वेगळेपणासाठीं दूरचा मनुष्य त्या खेळाकडे यावयाचा, तोच त्याच्या दारावरून पुसून टाकण्याचा हा सल्ला आहे. ज्यांच्या भाषेस व कलेस जगाच्या बाजारांत अद्याप आसन मिळावयाचें आहे, त्यांनीं तर तो मुळींच ऐकूं नये.

दुकानदाराचें सारेंच चुकतें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. मध्यंतरीं मुखचित्रांवर पदकें, परीक्षकांचे गुण आणि सवलतीच्या जाहिराती यांची इतकी दाटी झाली कीं चित्र शोधावें लागे. १ सप्टेंबर २०२२ पासून व्हॉल्व्हनें नियम केला कीं, मुखचित्रावर खेळाचें चित्र, त्याचें नांव आणि अधिकृत उपशीर्षक यांहून अधिक कांहीं नसावें. हा नियम उत्तम होता. दुसऱ्यांनीं केलेली स्तुति आपल्या कपाळावर चिकटवून हिंडणाऱ्यास आपण घरांत घेत नाहीं. चित्रासहि तोच न्याय. व्यापाऱ्यासहि जर एवढें कळतें कीं मुखचित्रानें स्वतःच्या तोंडानें बोलावें, तर कलेचे हितचिंतक म्हणविणाऱ्यांस तें कळूं नये हें आश्चर्य आहे.

राहतां राहिला प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेल्या चित्रांचा. खेळांत व त्याच्या प्रसिद्धींत अशी सामग्री वापरली असल्यास कर्त्यानें तसें जाहीर करावें, असा नियम व्हॉल्व्हनें जानेवारी २०२४ मध्यें केला. या चित्रांत हाताला सहा बोटें असतात वगैरे थट्टेंत आम्हांस रस नाहीं. तो दोष यंत्र सुधारलें कीं जाईल. मूळ दोष वेगळा आहे. यंत्र आजवरच्या असंख्य चित्रांवरून शिकलेलें असतें, म्हणून विशेष कांहीं न सांगतां मागितलें तर तें त्या सर्वांची सरासरी पुढें करतें. आणि जो चेहरा सर्वांची सरासरी आहे तो कोणाचाच नसतो. शिवाय वचन देणाऱ्यास आपण काय देत आहों हें ठाऊक असावें लागतें. यंत्रानें तो खेळ खेळलेला नसतो. 'चित्रकार ठेवण्यास पैसा कोठून आणावा?' असें गरीब कर्ता विचारील, आणि त्याच्या अडचणीची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. त्यास आमचें उत्तर त्या काळ्या पाटीवरचें तांबडें हृदय हेंच आहे. ज्यास आपल्या खेळाचा गाभा एका चिन्हांत सांगतां येतो, त्यास श्रीमंत चित्राची गरज भासत नाहीं. ज्यास तो सांगतां येत नाहीं, त्यानें चित्राच्या आधीं खेळाकडेच पुनः पाहावें.

तेव्हां मुखचित्राचें मोल कोणीं ठरवावें? दुकानदाराच्या वहीनें नव्हे, आणि उपदेशकाच्या ठोकताळ्यांनींहि नव्हे. ज्यानें खेळ शेवटास नेला त्यानें ठरवावें. हें नुसतें तत्त्व राहूं नये म्हणून तीन सूचना करतों. कर्त्यानें चित्र अनोळखी मनुष्यास दाखवून त्याचें बोट कोठें पडतें हें खुशाल पाहावें, पण निवड करतांना तें खेळ पुरा खेळलेल्या चारपांच जणांपुढें ठेवावें आणि 'यांतलें कोणतें खरें?' असें विचारावें. परीक्षकांनीं खेळाच्या परीक्षणांत मुखचित्रासाठीं शेवटीं दोन वाक्यें राखून ठेवावीं. पुस्तकांच्या परीक्षणांतहि ही चाल पडली तर प्रकाशकांवर उपकार होतील. आणि ज्या घरांत मुलें हे खेळ खेळतात तेथील आईबापांनीं, खेळ संपवून उठलेल्या मुलास रागें भरण्यापूर्वीं, तें लहानसें चित्र दाखवून एवढेंच विचारावें: हें चित्र खरें बोललें काय? मूल विचार करील, वाद घालील, कारणें देईल. जाहिरातींच्या या युगांत दिलेलें वचन आणि मिळालेली वस्तु यांचा ताळा घेण्याची संवय त्यास त्या एका प्रश्नानें लागली, तर खेळांत गेलेला वेळ अगदींच वायां गेला असें कोणास म्हणतां येणार नाहीं.